चार विटांवरचे गणपती

कुसुंबखारच्या समाजमंदिरात नागपंचमीच्या आदल्या रविवारी सभा भरली, तिला अकरा माणसं आली. त्यांतली सात बटाटेवड्यांसाठी आली होती आणि तसं मोकळेपणानं सांगत होती. राहिलेल्या चौघांत काळूराम म्हात्रे होता. तो भांडायला आला होता.

सभा बोलावली होती मृणालीनं. ही गावचीच पोर, जनीआजीची नात. अलिबागला शिकली, मग एका संस्थेत लागली, आणि आता संस्थेनं तिला खाडीकाठच्या लहान धंदेवाल्यांशी हवामानबदलाबद्दल बोलायला पाठवलं होतं. पाठवताना बरोबर एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि 'अनुकूलन' असा एक शब्द दिला होता. तिन्हींपैकी प्रोजेक्टर तेवढा चालला.

पडद्यावर एक निळी रेघ चढत चढत गेली. रेघेच्या टोकाला साल होतं दोन हजार पन्नास.

"दोन हजार पन्नास!" काळूराम म्हणाला. "बाय, माझा उजवा गुडघा दिवाळीपर्यंत टिकंल का न्हाय ते डाक्टर सांगत न्हाय, आन तू समुद्राचं पन्नास सालाचं सांगतंस?"

लोक हसले. काळूरामला बरं वाटलं. गावात काळूरामच्या बोलण्यावर हसायची पद्धतच होती आणि तो ती मोडू देत नसे.

"काका, पन्नास सालाचं सोडा," मृणाली म्हणाली. "गेल्या वर्षी तुमच्याकडं उधाणाचं पाणी कुठवर आलं, तेवढं सांगा."

"पानी? माझ्याकडं?" काळूरामनं सगळ्यांकडं बघितलं. "चाळीस वर्सं माझा बापूस आन मी त्या बांधाला बसलोय. उधाण येतंय, उधाण जातंय. तिथीची पाऊणपट केली का भरतीची वेळ निघते. अमावास्येची तिथी पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पानी चढतं आन मग गप उतरतं. ह्याला प्रोजेक्टर लागत न्हाय."

"गणित बरोबर आहे, काका. पण ते वेळ सांगतं. उंची सांगत नाही."

ह्यावर काळूरामनं दुसरा वडा घेतला. तेवढ्यात बेकरीवाला हारिस मुकादम उठला. हारिसच्या पावाशिवाय आसपासच्या चार गावांत सकाळ होत नाही. तो म्हणाला, "देखो बेटा, पाणी वाढलं असेल तर त्या पलीकडच्या भरावामुळं. खाडी बुजवली त्यांनी, भोगायचं आम्ही. हवामान बिवामान काय नाय."

"भरावामुळंही असेल, चाचा. कुणामुळं येतंय त्यावर आपण नंतर भांडू. येतंय का, ते सांगा."

"माझ्याकडं? छे छे. अल्लाच्या मेहरबानीनं एक थेंब नाय."

कुणाकडंच एक थेंब नव्हता. मृणालीनं अकरा जणांना विचारलं आणि अकरा वेळा नाही ऐकलं. सभा संपली, वडे संपले, वहीत लिहिण्याजोगं काही उरलं नाही.

ही पोर मात्र आजीच्या वळणाची. दुसऱ्या दिवसापासून ती पडदाबिडदा घरी ठेवून नुसतीच दुकानादुकानांत चहा प्यायला जाऊ लागली. चहा पिताना ती खाली बघायची. दुसऱ्या आठवड्यात ती काळूरामच्या कारखान्यात आली.

कारखाना म्हणजे बांधाला लागून पत्र्याची एक लांब शेड. काळूराम गणपती करायचा, तेही शाडूच्या मातीचे, न भाजलेले. साच्यातून प्लास्टरचे गणपती काढणाऱ्यांबद्दल तो जे बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. गावची रीत अशी, की नागपंचमीला प्रत्येक घरानं आपला पाट कारखान्यात आणून द्यायचा. पाटावर सुपारी, मागं खडूनं घराचं नाव. काळूराम त्या घराचा गणपती त्याच पाटावर बसवायचा, रंगवायचा आणि सगळ्यात शेवटी डोळे काढायचा. चतुर्थीला घरचा माणूस येऊन आपला पाट गणपतीसकट उचलून न्यायचा. एकशे साठ घरं, एकशे साठ पाट. पाट एकदा दिला की दिला, आजोबांपासून त्याच दारात. पाट दुसऱ्या कारखान्यात नेणं म्हणजे काळूरामच्या तोंडावर दार लावणं.

आणि दुसरा कारखाना होता. वरच्या आळीत, चांगल्या उंचावर, भिकूचा.

मृणालीनं चहाचा कप हातात घेतला आणि फळ्यांच्या खाली नजर टाकली. "काका, फळ्या चार विटांवर ठेवल्यात."

"मग?"

"गेल्या वर्षी दोन विटांवर होत्या. मी आजीबरोबर पाट द्यायला आले होते."

"उंदीर झालेत."

"हारिसचाचांनी पिठाची पोती फूटभर वर घेतलीत. म्हणाले, कंबर दुखते, वाकवत नाही. प्राप्तीच्या पार्लरमधल्या खुर्च्या ओट्यावर गेल्यात, ती म्हणते वास्तुशास्त्र. किराणावाल्या कोंडाजीनं फ्रीज लाकडी खोक्यावर ठेवलाय आणि म्हणतो, तसा तो जास्त गार होतो. काका, अख्ख्या गावाला एकाच वर्षात विटा लागल्या."

किशोरी, काळूरामची बायको, मागं रंग कालवत होती. ती फिसकन हसली. काळूरामनं तिच्याकडं बघितलं तेव्हा ती पुन्हा रंग कालवत होती.

"एक ओटा बांधा," मृणाली म्हणाली. "कंबरेएवढा, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. संस्था अर्ध्या खर्चाचा हातभार लावेल. चतुर्थीच्या आधी बांधून होईल."

"ओटा न्हाय बांधायचा."

"का पण?"

"बांधायचा न्हाय म्हनजे न्हाय. चहा पी आन जा, बाय, डोळ्यांवरनं हात फिरवायचाय मना."

ती गेली. काळूराम ब्रश घेऊन बसला, पण हात चालेना. का ते त्याला ठाऊक होतं, किशोरीला ठाऊक होतं, आणि त्याच्या समजुतीप्रमाणं तिसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी पिठोरी अमावास्येला, चतुर्थीच्या चार दिवस आधी, तो आणि किशोरी जेवायला घरी गेले होते. परत आले तर शेडमध्ये घोटाभर पाणी. दोन विटांवरच्या फळ्यांपैकी बांधाकडच्या उतारावरची एक फळी बुडाली होती आणि तिच्यावरचे अकरा गणपती बसल्या जागी विरघळत होते. मुकुट शाबूत, डोळे उघडे, आणि पोटाखाली नुसता चिखल. त्या अकरा जोड डोळ्यांनी काळूरामकडं बघितलं आणि तो ढसाढसा रडला. मग त्यानं दार आतून लावलं, माती खाडीत सोडली, नारळ दिला, क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजूला जाऊन टेम्पोवर ताडपत्री टाकून अकरा तयार गणपती आणले आणि नावाच्या पाटांवर बसवून टाकले. चतुर्थीला अकरा घरं मोरया म्हणत परके गणपती घेऊन गेली. त्यांत जनीआजीचं घरही होतं.

ओटा बांधला असता तर लोकांनी विचारलं असतं, कशाला? पाणी शिरतं म्हणून, असं एकदा निघालं की मागचं सगळं निघालं असतं. ज्या कारखान्यात देव विरघळतात तिथं पाट कोण ठेवील? एकशे साठ पाट वरच्या आळीला भिकूच्या दारात गेले असते. म्हणून काळूरामनं सभेत सर्वांपेक्षा मोठ्यानं नाही म्हटलं होतं आणि कारखान्यात येऊन आणखी दोन विटा लावल्या होत्या. गाढवपणाच होता तो. पण गाढवपणाला अब्रूचं नाव दिलं की माणूस तो वर्षानुवर्षं करू शकतो.

पिठोरी अमावास्या आली. एकशे साठ गणपती रंगून, डोळे उघडून, चार विटांवर ओळीनं बसले होते. काळूराम ह्या वेळी जेवायला जाणार नव्हता. सकाळी साडेदहाला बांधाच्या फटीतून पाणी झिरपून शेडमध्ये आलं.

"सव्वाअकराला उतरंल," तो म्हणाला.

पावणेअकराला पाणी पहिल्या विटेवर चढलं. अकराला दुसऱ्या. काळूराम कमरेवर हात ठेवून घड्याळाकडं बघत होता. सव्वाअकरा झाले. त्याच्या बापसाच्या, आज्याच्या, पणज्याच्या गणितानं पाण्याला आता थांबायला हवं होतं. पाणी तिसऱ्या विटेवर गेलं.

दारातून मृणाली आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल हातात, दुसरी कुठं गेली कुणास ठाऊक. "काका, बांधाला खांड गेलीय! उघाडीच्या झडपेपलीकडं दहा हात बांध फुटलाय. माणसं माती टाकतायत, पण हे पाणी आणखी तासभर चढणार."

"एक फळी धर," किशोरी नवऱ्याला म्हणाली. "गणित गेलं खाडीत. त्या टोकाला धर."

तिघांनी मिळून बारा गणपती टेबलावर ठेवले. टेबल भरलं. मग काळूरामनं उरलेल्या ओळींकडं पाहिलं. एकशे अठ्ठेचाळीस. तीन माणसं. आणि एक उजवा गुडघा, ज्याची दिवाळीपर्यंतची खात्री नव्हती.

"ग्रुपवर टाकते," मृणालीनं फोन काढला. "सगळ्या गावाला बोलावते. काय लिहू?"

काळूरामनं खाली बघितलं. पाणी तिसऱ्या विटेच्या वरच्या कडेला लागलं. त्याला भिकूचा उंचावरचा कारखाना दिसला आणि त्याच्या दारात लागलेली एकशे साठ पाटांची थप्पी दिसली. मग त्यानं पहिल्या ओळीतल्या गणपतीकडं पाहिलं आणि त्याला गेल्या वर्षीचे डोळे आठवले. ते डोळे पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती. भिकूचं दार परवडलं.

"लिही," तो म्हणाला. "काळूरामच्या कारखान्यात पानी शिरलंय. ज्याचा त्याचा गणपती ज्यानं त्यानं येऊन आताच घरी न्यावा."

मृणालीचा अंगठा चालला.

"आन पुढं लिही. गेल्या वर्षीबी शिरलं होतं. अकरा गणपती गेले. मी बाहेरनं आणून बसवले आन कुनाला सांगितलं न्हाय."

मृणालीनं मान वर केली. "काका, हे आत्ता लिहायलाच हवं असं नाही."

"लिही, बाय. उद्या लिहिनार न्हाय मी. मना मी ओळखतंय."

तिनं लिहिलं. किशोरीनं पदरानं तोंड पुसलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "सुटलास."

दहा मिनिटांत गाव आलं. गडी माणसं बहुतेक बांधावर किंवा ट्रकवर कामाला होती, म्हणून आल्या त्या बायका, म्हातारे आणि ज्यांना गुडघाभर पाण्यात यायचं काही कारण नव्हतं तेही. जो तो पाटामागचं खडूचं नाव वाचायचा, आपला गणपती छातीशी धरायचा आणि पाण्यातून वाट काढायचा. दरवर्षी हीच माणसं हाच गणपती घेऊन पाण्यात जायची. आज उलटीकडं चालली होती. सवयीनं कुणीतरी मोरया म्हटलं, आणि पुढच्या वर्षी लवकर या, असंही ओरडलं.

"यंदाच चार दिस लवकर आलाय," किशोरी ओरडली. "आता गप चला!"

चतुर्थीआधी घरात आलेल्या गणपतीचं तोंड झाकून ठेवायचं असतं. एवढी फडकी कोण घेऊन आलं होतं? हारिस आपला पावाचा टेम्पो घेऊन आला होता, म्हाताऱ्यांचे गणपती पोचवायला. त्यानं बेकरीतल्या कागदी पिशव्यांचा गठ्ठाच काढला. "कोऱ्या आहेत, काळूशेट. चालतील?" काळूरामनं हात जोडले. त्या दिवशी पन्नासएक गणपती डोक्यावर पावाची पिशवी घालून घरी गेले आणि त्यांच्यापैकी एकानंही तक्रार केली नाही.

"हारिस, तुझ्या बेकरीत काय?" काळूरामनं विचारलं.

"बेकरीत? भट्टीपर्यंत आलंय," हारिस म्हणाला. मग हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी पण आलं होतं. नऊ पोती मैदा गेला. कंबर माझी एकदम ठणठणीत आहे."

शेवटाशेवटाला जनीआजी आली. ऐंशीच्या पुढं वय, हातात काठी, साडीचा काष्टा वर खोवलेला. तिनं आपला गणपती शोधला, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि नीट बघितलं.

"हा तुझा," ती म्हणाली.

काळूराम पुढं झाला. "आजी, गेल्या वर्सी…"

"गेल्या वर्सीचा तुझा नव्हता. मना चौरंगावर ठेवला तवाच समजलं. तुझ्या गनपतीचा डावा डोला बारीक आसतो, काल्या. कायमचा. तू चष्मा लावत न्हाईस. त्याचं दोन्ही डोले कसं सारखं, एखाद्या सायबावानी बघत होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तू दारात उभा होतास, तोंड एवढंसं करून. म्हनलं, आसंल काय त्या पोराचं. पाव्हना म्हनून ठेवला, पाच दिस मोदक घातलं, लावून दिला." तिनं गणपतीच्या डोक्यावर पिशवी चढवली. "बाकीच्या धा घरांनाबी ठावं हाय. आमी बोललो त्यावर. विहिरीवर."

एक वर्ष काळूराम नीट जेवला नव्हता, त्याला सभेत ओरडावं लागलं होतं, त्यानं विटा चोरासारख्या आणल्या होत्या. आणि विहिरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला हसू आलं, मग त्या हसण्यातच रडू आलं, आणि जनीआजीनं काठी बगलेत धरून त्याच्या पाठीवर हात फिरवला.

पाणी साडेबाराला थांबलं, चौथ्या विटेच्या वर चार बोटं. शेड रिकामी झाली होती. एकच गणपती राहिला, काळूरामचा स्वतःचा. कारागिराचा गणपती सगळ्यात शेवटी रंगतो आणि गडबडीत तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. त्याचे पाय घोट्यापर्यंत गेले होते. काळूरामनं तो उचलून कोरड्यात नेला आणि चार दिवस बसून त्याला नवे पाय केले. चतुर्थीला रंग ओलाच होता.

विसर्जन झाल्यावर त्यानं मृणालीला बोलावलं. डोळे काढायचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला, लाल रंग घेतला, आणि भिंतीवर जिथं पाण्याची चिखलकडा उरली होती तिथं शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. वर तारीख लिहिली. खाली, वीतभर अंतरावर, दुसरी रेघ ओढली आणि आधीच्या वर्षाची तारीख टाकली.

"हे तुझ्या वहीत घे," तो म्हणाला.

तिनं घेतलं. पुढच्या आठवड्यात हारिसच्या बेकरीत तसलीच रेघ दिसली, मग कोंडाजीच्या किराणात. प्राप्तीनं आरशावरच लिपस्टिकनं ओढली. मृणालीच्या सभेला पुढच्या वेळी चौतीस माणसं आली. वडे कमी पडले.

पण ते सगळं ठीक. काळूरामच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच होती आणि तिचा निकाल पुढच्या वर्षीच्या नागपंचमीला लागायचा होता. लोक आले, त्यांनी हात लावला, ती अडचणीची वेळ होती. आता भिंतीवर दोन लाल रेघा होत्या, आणि शेवटी बांधायला घेतलेला ओटा अजून अर्धाच झाला होता. पाट कुठं जाणार?

वर्ष फिरून नागपंचमी आली, तेव्हा तो सकाळी सहापासून दारात बसला. आठ वाजले, कुणी नाही. नऊ वाजले. एरवी ह्या वेळेला चाळीस पाट झालेले असायचे. वरच्या आळीतून सुताराच्या रंध्याचा आवाज पहाटेपासून येत होता आणि काळूरामला वाटलं, भिकू बहुतेक फळ्या वाढवतोय.

"आत ये, चहा घे," किशोरी म्हणाली.

"न्हाय."

साडेनवाला वळणावर जनीआजी दिसली. मागं मृणाली होती आणि तिच्या डोक्यावर पाट होता. दारात आल्यावर मृणालीनं पाट खाली उतरवला, आणि तो जमिनीला टेकलाच नाही. जुना आजोबांच्या वेळचा पाट, मागं खडूचं नाव, आणि खाली चार नवेकोरे लाकडी पाय, हातभरापेक्षा उंच.

"सुतार धर्माजी रातीपासून ठोकतोय," जनीआजी धापा टाकत म्हणाली. "रांग लागलीय त्याच्या दारात. म्हनून उशीर झाला."

मग ते आले. वळणावरून रांगच्या रांग, डोक्यावर पाट आणि पाटांचे पाय आकाशात. कुणाचे पाय हातभर, कुणाचे दोन हात, कुणाचे चारी चार उंचीचे, कारण धर्माजीही चष्मा लावत नाही. काळूरामनं पहिला पाट उचलला आणि भिंतीला लावून बघितला. पाटाची फळी वरच्या लाल रेघेच्या चांगली वीतभर वर होती. त्याला काही दिसेनासं झालं, म्हणून त्यानं खिशातून चष्मा काढला. नवा होता, महिन्यापूर्वी अलिबागहून करून आणला होता.

"आजी," तो म्हणाला, "यंदा चष्मा लावून डोळे काढतंय. दोन्ही सारखे."

"काढ तो चष्मा," जनीआजी म्हणाली. "मना माझाच गनपती पायजे."